नेसलंय का घातलंय?

मित्राची साठी होती. सकाळच्या शांतीला मी दांडी मारली होती, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला जाणं भागच होतं. जेवण त्याच्या जिमखान्यात. निमंत्रणाच्या मेसेजखाली 'कृपया ड्रेस कोड पाळावा' अशी ओळ होती आणि मी ती वाचलीही होती. पण ड्रेस कोड म्हणजे बर्म्युडा घालून येऊ नका, एवढाच अर्थ माझ्यासारख्याच्या डोक्यात येतो. हिने नऊवारी काढली म्हणून मीही भाच्याच्या मुंजीत घेतलेलं धोतर काढलं. मोतिया रंगाचं, जांभळ्या काठाचं. वर झब्बा, पायात कोल्हापुरी. आरशात पाहिलं तर मी चक्क बरा दिसत होतो. अशा वेळी माणसाने सावध व्हायला हवं.

फाटकावरच्या वॉचमनने हिला सलाम ठोकला आणि माझ्यापुढे हात आडवा घातला.

"साहेब, धोतर चालत नाही आत. आणि चप्पल पण."

भिंतीवर पाटी होती. बाकीच्या अटींबरोबर 'राष्ट्रीय पोशाख चालेल' असंही त्यात होतं. मी तिथे बोट ठेवलं. तो म्हणाला, "ते बंदगळ्याचं आहे, साहेब. खाली पँट लागतीच." म्हणजे राष्ट्र कमरेच्या वर सुरू होतं तर.

मग मला चेव चढला. माझ्या मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत असताना मी त्या बिचाऱ्याला इतिहास ऐकवला. १९८८ साली मकबूल फिदा हुसेन अनवाणी आले म्हणून त्यांना मुंबईच्या विलिंग्डन क्लबातून परत पाठवलं होतं. आणि हा क्लब निघाला का, तर लॉर्ड विलिंग्डनच्या हिंदी पाहुण्यांना गोऱ्यांच्या क्लबात घेईनात म्हणून, असं सांगतात. चेन्नईत तर २०१४च्या जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन यांना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून आले म्हणून चेपॉकच्या तामिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात सोडलं नाही. एका माजी मुख्य न्यायमूर्तींच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं तिथे, आणि हरिपरंथामन काही ब्रेक डान्स करायला निघाले नव्हते. मामला विधानसभेत गेला. जयललितांनी महिनाभरात कायदाच करून टाकला: वेष्टी किंवा दुसरा भारतीय पारंपरिक पोशाख पाहून कोणी माणूस अडवला, तर क्लबाचं लायसन रद्द, वर एक वर्षापर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड.

"तसा कायदा आपल्याकडे आहे का?" वॉचमनने विचारलं.

"नाही."

"मग?"

मी गप्प बसलो. तो मात्र माझ्या निऱ्यांकडे बघत होता. वाकून जरा बारकाईने बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, एक विचारू का? हे नेसलंय का घातलंय?"

साताऱ्याकडचा असावा. प्रश्न असा नेमका होता की मला घाम फुटला. धोतर, साडी, लुगडं आपण नेसतो. शर्ट, पँट, झबलं घालतो. अंगाभोवती गुंडाळायच्या बिनशिवलेल्या कापडासाठी मराठीने हे वेगळं क्रियापद जपून ठेवलंय, आणि मी गेली कित्येक वर्षं लग्नामुंजीत ते फसवून वापरत होतो. कारण माझं धोतर रेडिमेड आहे. कमरेला इलास्टिक, पुढच्या निऱ्या शिवलेल्या, कासोटाही शिवून बसवलेला, बाजूला मोबाइलपुरता खिसा आणि पुढे चेन. दोन पाय घालायचे आणि वर ओढायचं. अकरा सेकंद लागतात.

माझे आजोबा नेसायचे. कापडाच्या दुकानात ते धोतर मागत नसत, 'पान' मागत; एक पान अंगावर, एक दोरीवर. सकाळी अंघोळ झाली की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. कापड कमरेमागून घेऊन दोन्ही बाजू सारख्या करायचे, पोटावर गाठ मारायचे, मग एका बाजूच्या निऱ्या घालून त्या पायांतून मागे नेऊन खोचायचे, आणि दुसऱ्या बाजूच्या निऱ्या बोटांनी पत्त्यांसारख्या जुळवून पुढे. उरलेला सोगा उजव्या हातात. एसटीत चढताना सोगा हातात, जिना उतरताना सोगा हातात, कुणावर चिडले की सोगा झटकायचा. हे सगळं ते गप्पा मारत करायचे आणि धोतर दिवसभर तसूभर सरकायचं नाही. मी एकदा कॉलेजात असताना हौसेने प्रयत्न केला होता. अंगणापर्यंत पोचलो, तुळशीपर्यंत नाही.

तर वॉचमनच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'घातलंय' असं होतं. मी ते हळूच दिलं.

"मग झालं की!" तो खूश होऊन म्हणाला. "शिवलंय म्हणजे पँटच की ही. पाटीवर धोतराला बंदी आहे, याला कुठं आहे?"

माझी पंचाईत लक्षात घ्या. आत जायचं तर मला कबूल करावं लागणार होतं की मी धोतर नेसलेलो नाही. आणि पाच मिनिटांपूर्वी ज्याच्यासाठी मी चेन्नईचा कायदा काढला होता, ते माझ्या अंगावर नव्हतंच. दुसरीकडे हेच धोतर घालून मी गेल्या वर्षी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, तेव्हा गाभाऱ्यात जाण्यासाठी सोवळं हवं म्हणाले. शिवलेलं चालत नाही. तिरुअनंतपुरमला पद्मनाभस्वामीच्या देवळातही मुंडू, म्हणजे तिकडचं बिनशिवलेलं धोतर, लागतं. पँट घालून आलेल्यांना दाराशी ते भाड्याने मिळतं. म्हणजे देवाला शिवलेलं चालत नाही आणि जिमखान्याला न शिवलेलं. मी मधल्यामध्ये, इलास्टिकमध्ये.

आणि खरं सांगायचं तर धोतराचं एवढं सोवळं-ओवळं करायचंही कारण नाही. क्लबांनी फाटकं बांधली त्याच्या कितीतरी आधी धोतराला स्वतःचं फाटक होतं. कोणी गुडघ्याच्या खालपर्यंत नेसायचं आणि कोणी वरच ठेवायचं, हे गावोगावी जात ठरवत असे. आपल्याकडे चौकाचौकांत बाबासाहेबांचा पुतळा निळ्या सुटात उभा असतो तो उगीच नाही. त्यामुळे फाटकावर उभं राहून 'आमची संस्कृती' म्हणून गळा काढताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. तो गळा मी नुकताच काढला होता, ही गोष्ट वेगळी.

एवढ्यात मॅनेजर आला. टाय लावलेला, तिशीचा मुलगा. वॉचमननेच माझी बाजू मांडली: "सर, शिवलेलं आहे. चेन पण आहे." मॅनेजर माझ्याकडे पाहू लागला. मी झब्बा चार बोटं वर उचलला. साठीच्या समारंभाला आलेला माणूस, बायको शेजारी, मागे दोन गाड्या, आणि मी इलास्टिक दाखवतोय. त्याने मान तिरपी करून बघितलं, विचार केला आणि म्हणाला, "ओके. टेक्निकली ट्राउझरच आहे."

हिच्याकडे मात्र कोणी वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. नऊवारी, ती खरीखुरी नेसलेली, कासोट्यासकट, आणि ती केव्हाच आत जाऊन हिरवळीवर उभी होती. बायकांना परंपरा शोभते आणि पुरुषांना पँट, असा काहीतरी तह इंग्रज जाताना करून गेले असावेत.

राहिली चप्पल. त्यावर तडजोड नाही. प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने २०२५ साली मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायांत घालून मिरवली ती हीच कोल्हापुरी, २०१९ पासून जीआय मानांकन असलेली, हे मी सांगून पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "मग प्राडामध्ये चालेल." शेवटी मित्राच्या ड्रायव्हरचे काळे बूट आले. दहा नंबर. माझा आठ.

तसा मी आत गेलो. वर झब्बा, खाली तांत्रिकदृष्ट्या ट्राउझर, त्याखाली फटक-फटक वाजणारे बूट. मित्राने लांबूनच हाक मारली, "अरे वा, धोतर!" मॅनेजर दोन पावलांवर होता. मी म्हटलं, "छे, पँट आहे ही."

जेवण चांगलं होतं. श्रीखंड जरा जास्त गोड.

निघताना केबिनमधून चपला घेतल्या. वॉचमनने त्या एका जुन्या वर्तमानपत्रावर जोडीने नीट ठेवल्या होत्या. मी आभार मानले तर तो घुटमळला.

"साहेब, हे कुठं मिळालं? पोराचं लग्न आहे वैशाखात."

मी दादरच्या दुकानाचा पत्ता सांगितला, किंमतही सांगितली. त्याने ती मोबाइलमध्ये लिहून घेतली आणि पुन्हा एकदा माझ्या कमरेकडे बघितलं.

"धुतल्यावर इलास्टिक ढिलं पडत नाही ना?"