अमरावती–परतवाडा–चिखलदरा: मागे डिस्क असलेल्या गाडीचा हँडब्रेक घाटाआधी बघून घ्या

अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत परतवाडा साधारण ५० किलोमीटर. रस्ता इतका सपाट की हँडब्रेक ढिला आहे की धड, याचा पत्ताच लागत नाही. परतवाड्यावरून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा आणखी तीसेक किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर पोचते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडतात, ऐन चढावर थांबून पुन्हा निघावं लागतं. ढिला हँडब्रेक तिथं उघडा पडतो. म्हणून तपासणी परतवाड्यातच उरकावी, आणि मागचे पॅड संपत आले असतील तर नवे अमरावतीहूनच घेऊन निघावं.

इकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम असतो. त्या सवयीनं हँडब्रेक ढिला म्हटला की मिस्त्रीचा हात आधी लिव्हरखालच्या केबलच्या नटाकडे जातो. मागे डिस्क असेल तर त्याला थांबवा. केबल सगळ्यात शेवटी.

आधी प्रकार ओळखा. चाकाच्या आतल्या बाजूनं डोकावलं की दिसतं: केबल कॅलिपरवरच्या (म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरच्या) छोट्या दांड्याला जोडलेली असेल तर हँडब्रेक पॅडवरच लागतो. केबल डिस्कमागच्या पत्र्यात शिरत असेल तर डिस्कच्या मधल्या फुगीर भागात वेगळा छोटा ड्रम आणि त्याला आतून दाबणारे शूज आहेत. बटणाचा हँडब्रेक असेल तर रस्त्यावर खोलू नका. पॅड बदलायलाही त्याला सहसा स्कॅनरनं सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं.

कॅलिपरवाल्या गाडीची तपासणी अशी. सपाट, टणक जागा बघा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर कधीच नाही. आता हँडब्रेक एकेक खटका ओढत दोन्ही चाकं हातानं फिरवून बघा. सहसा पाच ते आठ खटक्यांत चाक हातानं हलेनासं व्हायला हवं (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो), आणि दोन्ही बाजूंना एकाच खटक्यावर. एकच बाजू मागे राहत असेल तर दोष बहुधा त्याच बाजूच्या कॅलिपरमध्ये किंवा केबलमध्ये आहे.

मग हँडब्रेक पूर्ण खाली सोडून कॅलिपरवरचा दांडा बघा. तो आपल्या टेकणीला टेकलेला हवा. टेकत नसेल तर केबल काढून दांडा हातानं हलवा. आता झटक्यात परत येत असेल तर केबल आत गंजून अडकते आहे, ती बदला. तरीही सुस्तच असेल तर कॅलिपर जाम आहे. पांदण रस्त्यांवर आणि रपट्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं: दांड्याचं रबर फाटतं, काळ्या मातीचं पाणी आत जातं, शाफ्ट गंजतो. गंजाचा स्प्रे मारून दांडा पुन्हा पुन्हा हलवला तर प्रवासापुरतं निभतं, पण स्प्रे पॅड-डिस्कवर उडू देऊ नका आणि परतल्यावर कॅलिपर दुरुस्त करून घ्याच.

केबल आधी ताणण्यात नुकसान काय? दांडा टेकणीवरून उचललेला राहतो. पॅड झिजतील तसा पिस्टन पुढे सरकवणारी आतली यंत्रणा बऱ्याच कॅलिपरमध्ये दांडा पूर्ण मागे आल्याशिवाय काम करत नाही. चार दिवस हँडब्रेक छान लागतो, मग पुन्हा ढिला, वर पॅड घासून चाक तापतं ते वेगळंच.

क्रम असा ठेवा: केबल सैल करा, इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक वीस-पंचवीस वेळा दाबा, हँडब्रेक आठ-दहा वेळा ओढून सोडा, आणि मगच केबलचा नट घट्ट करा. दांडा टेकणीवरून उठायला लागला की थांबा, किंचित मागे या. नवे पॅड टाकताना पिस्टन शिकंजानं दाबायचा नाही, फिरवत आत घ्यायचा. दाबला की आतला स्क्रू गेलाच समजा. पिस्टनवरची खाच पॅडमागच्या खुंटीला जुळली पाहिजे.

छोट्या ड्रमवाल्यात भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून दातेरी चक्र फिरवा. चाक अडलं की ते मोकळं फिरेपर्यंत काही दाते मागे घ्या. हे शूज जवळपास झिजत नाहीत. गंजतात, नाहीतर चकचकीत होतात. पॉलिश पेपरनं घासा. अस्तर सुटलं असेल तर बदला.

उतरताना एक गोष्ट फार थोडे लोक पाळतात. घाट ब्रेकवर उतरून कुठे थांबलात, तर तापलेली डिस्क आणि पॅड थंड होताना आकसतात आणि पॅडवाल्या हँडब्रेकची पकड कमी होते. दहा-पंधरा मिनिटांनी रिकामी गाडी आपसूक सरकू शकते. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. थांबल्यावर तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिकला ‘पी’. स्टिअरिंग असं वळवून ठेवा की सुटलीच तर गाडी डोंगराला टेकेल. उताराच्या बाजूनं चाकाला दगड लावा, आणि निघताना तो उचलून कडेला टाका, मागच्या मोटारसायकलवाल्यासाठी.

मुक्कामी सपाट जागा मिळाली तर भर पावसात हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवू नका, गिअर आणि दगड पुरतात. सकाळी पॅड डिस्कला चिकटलेले असतात.