चावी खिशात, इंजिन चालूच

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस राहिले होते. म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांचं, सामान यायला लागलं होतं आणि पाऊस काही उसंत देत नव्हता. अशा सकाळी एक जुनी पांढरी मर्सिडीज २४० डी माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली. मालक उतरले, चावी काढून खिशात टाकली, दार लावलं. इंजिन धडधडतच होतं. मग त्यांनी भिजत बॉनेट उघडलं, आत हात घालून स्टॉप लिव्हर दाबला, तेव्हा कुठे ते गप्प झालं.

"मेस्त्री, महिनाभर हेच चाललंय," ते म्हणाले. "वडील होते तेव्हापासून आमचा गणपती ह्याच गाडीतून येतो. मूर्तिकाराच्या चित्रशाळेसमोर मूर्ती मांडीवर घेऊन बसायचं, की बॉनेट उघडत बसायचं?"

हे मालक म्हणजे मये गावचे भाई. सोबत त्यांचा मुलगा होता. आधी एका मेकॅनिकने इंजेक्शन पंपावरचा शट-ऑफ, म्हणजे इंजिनाचं डिझेल तोडणारा भाग, नवा बसवला होता. मुलाने गाडी फिरवून पाहिली, व्यवस्थित बंद झाली. दुसऱ्या दिवशी भाईंनी नेली आणि पुन्हा तेच.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे अशा जुन्या इंजिनाचा करंट तोडला तरी ते थांबत नाही. डिझेल मिळतंय तोवर चालतंच. ह्या गाडीत चावी बंद केली की स्विचमागचा व्हॉल्व्ह व्हॅक्युमला, म्हणजे हवेच्या ओढीला, वाट करून देतो. बारीक तपकिरी नळीतून तो व्हॅक्युम शट-ऑफमधला पडदा ओढतो आणि डिझेल तुटतं. पेट्रोल गाडीला व्हॅक्युम इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलला त्यासाठी वेगळा पंप लागतो. त्याच एका पंपावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर चालतो आणि चारही दारांची, डिकीची कुलपंसुद्धा. एका विहिरीवर सगळा वाडा पाणी भरतो, तसं. एका घरची कळशी फुटकी निघाली तरी बाकीच्यांना पाणी कमी पडायचं.

म्हणून मी आधी ब्रेक पाहिला. गाडी बंद होत नाही हा त्रास आहे, पण बूस्टरला व्हॅक्युम कमी पडला तर घाटात जिवाशी गाठ. ब्रेक ठीक होता. पंपाच्या तोंडाशी गेज लावला, काटा पाऱ्याच्या २० इंचांच्या वर गेला. म्हणजे पंप धडधाकट. शट-ऑफला हातपंप लावून व्हॅक्युम ओढला आणि चहा होईपर्यंत तसाच ठेवला. काटा हलला नाही. नवा शट-ऑफ चांगला होता, जुनाही चांगलाच असणार. भाईंचे पैसे उगाच गेले, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

एका जोडाला कोणीतरी फिशटँकची पारदर्शक नळी घातली होती. ती इंजिनच्या उष्णतेने मऊ पडते आणि आतून ओढ बसली की चेपते. ती काढून जाड भिंतीची रबरी नळी घातली. फरक पडला नाही. कुठे फुसफुस ऐकू येते का म्हणून नळीचं एक टोक कानाला लावून सांधे तपासले, पण पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की काही कळेना.

शेवटी कुलपांकडे जाणारी नळीची फांदी टी-जोडापाशी बुचाने बंद केली आणि चावी फिरवली. इंजिन जागच्या जागी थांबलं. भाई बघतच राहिले. "दाराचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

आता कोणतं दार? तेवढ्यात मुलगा म्हणाला, "पण माझ्याकडे ती नेहमी बंद होते." मी हातातला पाना खाली ठेवला. "तुम्ही चालवताना वेगळं काय करता?" तो विचारात पडला. मग म्हणाला, "मागे मुली बसतात, म्हणून दारं आतून लॉक करतो."

इथेच सगळं उलगडलं. ह्या कुलपांना दोन पिवळ्या नळ्या जातात, एक लॉक करायची, दुसरी उघडायची. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप ठरवतं की व्हॅक्युम कुठल्या नळीत सोडायचा. दारं लॉक असली की गळती नाही, उघडी असली की आहे. भाई कधीच लॉक करत नाहीत. दोष उघडायच्या बाजूला होता.

एकेका दाराची नळी सोडवून हातपंप लावत गेलो. पुढचं डावं, मागचं उजवं, डिकी, सगळीकडे काटा स्थिर. मागच्या डाव्या दाराला लावला आणि काटा सरकन शून्यावर. दाराचं पॅड काढलं, आतला, कुलूप हलवणारा डबा सोडवला. त्यातला रबरी पडदा कडेने चिरला होता, नखाएवढी चीर. चाळीस वर्षांचं रबर आणि आमच्याकडची दमट, खारट हवा. त्याने इतकी साथ दिली हेच खूप.

तो डबा गोव्यात मिळणार नव्हता. मुंबईला सांगून ठेवलं आणि चवथीपुरत्या त्या दाराच्या दोन्ही नळ्यांना बुचं मारली. एवढं एक दार हाताने लॉक करावं लागेल, असं भाईंना सांगितलं. त्यांनी स्वतः गाडीत बसून तीन वेळा इंजिन चालू केलं, तीन वेळा चावीने बंद केलं.

डबा विसर्जनानंतर आला. तो बसवताना बाकीच्या दारांचे पडदेही दाबून पाहिले. कडक झालेत, पण अजून धरून आहेत. दिवाळीनंतर गाडी दोन दिवस माझ्याकडे राहणार आहे, सगळे रबरी जोड बदलायला.