गोव्यात एए मीटिंग: पत्ता, पायलट आणि बाराशे रुपयांची टॅक्सी

गोव्यात एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेल्या मीटिंग) आहे, बऱ्यापैकी जोरात आहे. रात्री साडेआठनंतर गावातून बाहेर पडायला बस मात्र मिळेलच असं नाही. इंटरनेटवरची मीटिंगांची एकही यादी ही गोष्ट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

ज्यांची दारू सुटून काही महिने झालेत आणि कामासाठी गोव्यात जाणं टाळता येत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. रोज पिणं चालू असेल तर एकदम बंद करून गाडीत बसू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. गोव्यातच असाल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे.

मी एप्रिलमध्ये गेलो. शक्य असेल तर एप्रिल टाळा. काजूचा हंगाम असतो, गाडी सावंतवाडी सोडून पेडण्याकडे सरकली की कुजत्या बोंडांचा वास खिडकीतून आत येतो. फेणी बारा महिने मिळते, उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) मात्र याच दिवसांतली. ज्याला त्याला ती तुम्हाला चाखवायची असते, आणि तीही प्रेमाने, हा खरा त्रास. रस्त्याने आलात तर पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात शिरताच दारूची दुकानं सुरू होतात. तिथे चहाला थांबू नका. चहा अलीकडे बांद्यालाच प्या.

आता म्हापसा. यादीत लिहिलं होतं: अमुक चर्चच्या आवारातली शाळा, संध्याकाळी साडेसहा. थिवीला उतरून बसने म्हापशाला आलो, तिथून पायलट केला (पायलट म्हणजे मोटारसायकलवाला, आधी भाव ठरवला तर गोव्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाहन). त्याने विचारलं, "खंयची इगर्ज?" (कुठलं चर्च?) त्याच संताच्या नावाची दोन चर्चं निघाली. पहिल्या ठिकाणी लग्न, दुसऱ्या ठिकाणी फाटकाला कुलूप. राखणदार म्हणाला, ते लोक कधीचे दुसरीकडे गेले. यादी तशीच.

शेवटी एएच्या हेल्पलाइनवर फोन लागला. एक काका स्कूटर घेऊन न्यायला आले. नाव-गाव विचारलं नाही, फक्त जेवलास का ते विचारलं. मीटिंग कोकणीत होती. "म्हजें नांव अमुक, हांव अल्कोहोलिक", इथपासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत मालवणी-मराठी माणसाला सगळं कळतं. मी मराठीत बोललो, कोणाची हरकत नव्हती. थैली फिरली, तेव्हा पाहुण्याने नाही टाकलं तरी चालतं म्हणाले. प्रवेश फी, नोंदणी, आधार कार्ड असलं काही नसतं. कोणी फोनवर 'अॅडमिशन' आणि 'पॅकेज' बोलायला लागला तर ते एए नव्हे, खाजगी केंद्राचा एजंट आहे. फोन ठेवा.

मीटिंग संपली. काकांना उलट्या दिशेला जायचं होतं, मीही भिडेखातर "जातो मी" म्हणालो. तिठ्यावर एकच टॅक्सी. दहा किलोमीटरचे बाराशे रुपये. घासाघीस केली तर म्हणाला, "बसा त्या बारमध्ये, तासाभराने कमी करतो." बार समोरच होता, दिवे लावलेला, आतून तळलेल्या माशांचा वास. दिवसभराचा उपाशी, घामेजलेला, चिडलेला, एकटा. बाराशे दिले. अजून डोकं तापतं. पण त्या तिठ्यावर तासभर थांबलो असतो तर काय झालं असतं याची मला खात्री नाही, म्हणून तुम्हाला सांगतो: तेवढी रोकड वेगळी ठेवा, तिला हात लावू नका. आणि भीड गेली खड्ड्यात, मीटिंग सुरू होण्याआधीच उभं राहून विचारा, "मला परत कोण सोडणार?" कोणीतरी सोडतंच. आदल्या रात्री फोन करून जागा, वेळ आणि मीटिंग खुली आहे की बंद, तेही विचारून घ्या. घरचं माणूस बरोबर असेल तर खुलीच हवी, बंद मीटिंग फक्त दारुड्यांची.

मडगावात सगळं सुरळीत झालं, लिहिण्यासारखं नाही. किनाऱ्याकडची इंग्रजी मीटिंगही ठीक. पण दमलेले असाल तर गावातली कोकणीच गाठा.

परगावी फोन करायची लाज वाटत असेल तर एए कशी सुरू झाली ते आठवा. 1935 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल डब्ल्यू. धंद्याचं काम फसून अमेरिकेतल्याच अॅक्रन शहरातल्या हॉटेलात अडकला होता. लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवले, त्यातून डॉ. बॉब या दारुड्या डॉक्टरची गाठ पडली, आणि दोघांनी मिळून एए सुरू केली. त्यालाही यादीतला पहिलाच नंबर कामी आला असेल असं मला वाटत नाही.

परतताना ऑफिसातले लोक बाटल्या आणायला सांगतील. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.