पाळी आली, मग मुंबईला कशाला?

"पाळी इली मां परत? मगे वर्साक म्हमयक कित्याक जातंस?" कुडाळच्या बाजारात सुंगटं निवडतानासुद्धा हे मला विचारतात. काकी, परवा हळदीकुंकवाला तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

२६ व्या वर्षी मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर झाला. केमोचे १२ डोस, मग छातीवर शेक, म्हणजे रेडिएशन. चौथ्या महिन्यात पाळी गेली ती उपचार संपल्यावर आठ महिन्यांनी आली. आईने त्या दिवशी शिरवाळे केले! इथल्या एका डॉक्टरांनी तर "आता लग्नाचं बघा" म्हणत फाइलच मिटली.

परळला टाटा हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी आधी तारखा मागितल्या. मी पिशवीतून, आमसुलांच्या पुडीखालून, तीन वर्षांची कालनिर्णयं काढली. आई त्यावर लाल पेनाने गोल करते. बाई एकेका गोलावर बोट ठेवून दिवस मोजत गेल्या. २८, २६, २४, २३. "येतेय, पण जवळजवळ येतेय," म्हणाल्या. अंडाशयातला बीजांचा साठा उतरू लागला की असं होतं. बीजं जन्माला येताना असतात तेवढीच; केमो त्यातली काही नेते. एएमएच या रक्ततपासणीतून उरलेल्या साठ्याचा अंदाज येतो, दिवस राहतील की नाही ते कळत नाही. उलट पाळी बंद असलेल्या एखादीलाही दिवस राहू शकतात. हे मात्र कुणी हळदीकुंकवाला बोलत नाही.

चाळिशीच्या आत पाळी कायमची गेली तर प्रश्न फक्त मुलाचा नसतो. इस्ट्रोजेन कमी पडून हाडं ठिसूळ होतात. म्हणून जिला चालतात तिला पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोन देतात. मला अजून लागलेले नाहीत.

माझं दुखणं वेगळंच. केमोतलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदय कमजोर करू शकतं. तेव्हा मूल हवं तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. शिवाय तरुणपणी छातीवर शेक घेतला की आठ वर्षांनी दरवर्षी स्तनांची तपासणी सुरू होते, एमआरआयसकट. मी यंदा ३४ ची झाले. मंगळवारी संध्याकाळच्या तुतारी एक्सप्रेसने निघतेय.

तुमच्या भाचीची केमो पुढच्या महिन्यात म्हणालात ना? बीजं गोठवायची असतील तर साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते केमोच्या आधीच करावं लागतं. तिला आत्ताच विचारायला सांगा. ती लाजेल, तुम्ही सोबत जा. आणि गेल्या वर्षीचं कालनिर्णय रद्दीत घातलं असेल तर काढून ठेवा.