तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र तापला की वादळं जास्त धडकणार का?

स्टॅटिस्टिक्स शिकवतो आणि हरिकेनच्या, म्हणजे अटलांटिकमधल्या जोरदार चक्रीवादळांच्या डेटावर काम करतो म्हटलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला, सर, समुद्र तापतोय म्हणजे किनाऱ्यावर वादळंपण जास्त येणार ना?

अर्धं हो. वादळाला साधारण साडेसव्वीस डिग्रीच्या वरचं पाणी लागतं, ताकद त्या वाफेतूनच मिळते, त्यामुळं अटलांटिक गरम असला की वादळं जास्त होतात आणि जोरही जास्त धरतात. पण जायचं कुठं हे वारे ठरवतात. २०१० बघा, अटलांटिक प्रचंड तापलेला, १२ हरिकेन झाली आणि अमेरिकेच्या किनाऱ्याला हरिकेन म्हणून एकही धडकलं नाही! आणि १९९२ चा सीझन एकदम शांत, त्यातच अँड्र्यू नावाच्या हरिकेननं दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला.

खरी अडचण आकडे छोटे असण्याची आहे. अमेरिकेत वर्षाला सरासरी दोनही हरिकेन जमिनीवर येत नाहीत. लूमवर एका पाळीत किती वेळा धागा तुटेल याला आपण पॉयसन, म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटना मोजायचं गणित लावतो ना, तेच इथं, आणि सरासरी १.७ धरली तर पाच-सहा वर्षांतून एक वर्ष नुसत्या योगायोगानं एकही हरिकेन न धडकता जाणार. मग तापमान आणि लँडफॉल (वादळ जमिनीवर धडकणं) यांचं थेट रिग्रेशन काढलं, म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधला की संबंध असला तरी या चढउतारात बुडून जातो. म्हणून दोन टप्पे करतात, आधी तापमानावरून अख्ख्या अटलांटिकमधली वादळं आणि मग त्यातली किती किनाऱ्याला लागतात तो वाटा. पण रेकॉर्ड १८५१ पासूनचं असलं तरी सॅटेलाइट येण्याआधी भर समुद्रातली कितीतरी वादळं कुणी पाहिलीच नाहीत, म्हणजे जिथं आकडे भरपूर तिथं जुना डेटा कच्चा आणि जिथं डेटा पक्का तिथं आकडेच थोडे. शिवाय तो वाटा तापमानाबरोबर बदलत नाही हे गृहीत धरणं मला पटत नाही, कारण आफ्रिकेच्या बाजूला तयार झालेली वादळं बऱ्याचदा समुद्रातच उत्तरेला वळून जातात, म्हणजे गरम वर्षी तिथलीच वादळं वाढली तर किनाऱ्याला लागणारा वाटा घटू शकतो.

आणि समुद्र लांब आहे, आपल्याला काय, असं म्हणू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातलं डीप डिप्रेशन (चक्रीवादळाच्या एक पायरी खालची कमी दाबाची प्रणाली) आंध्रातल्या काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि तेलंगण, कर्नाटक करत आपल्यापर्यंत पोचलं, भीमेला पूर आला, पंढरपुरात पाणी शिरलं. ते चक्रीवादळसुद्धा नव्हतं! हवा एक डिग्री तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते, त्यामुळं धडकणाऱ्या वादळांचा आकडा तेवढाच राहिला तरी पाऊस वाढू शकतो. म्हणून प्रोजेक्टला मी मुलांना लँडफॉलबरोबर किनाऱ्यापासून किती किलोमीटर आत किती पाऊस पडला तेही घ्यायला लावतो.