तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज नवीन मारू, की आहे तशीच हलवू?

“भाऊ, मना लॅपटॉपमा जे शे, ते जठलं तठे राही ना?”

एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसवून घ्यायला आलेला माणूस किमतीचं नंतर विचारतो, हे आधी विचारतो. अमळनेरचे गुरुजी असोत, सावद्याचा केळीचा व्यापारी असो, की धुळ्याला कोर्टाबाहेर बसणारा टंकलेखक. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची, तर विंडोज नव्याने मारायची की आहे तशीच उचलून न्यायची? वेगवेगळ्या लोकांना तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

माझं उत्तर: जुनी डिस्क ठणठणीत असेल, तर आहे तशीच उचला. याला क्लोन करणं म्हणतात.

बरेच जाणकार उलट सांगतात. “नवीन टाका, सगळं स्वच्छ होतं.” ज्याच्या लॅपटॉपवर ब्राउझर आणि चार पिक्चर आहेत, त्या कॉलेजच्या पोराला हा सल्ला बरोबर आहे. पण ज्याचं पोट त्या लॅपटॉपवर आहे, त्याचं काय? तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्राचा लॅपटॉप उघडून बघा. अंगठा घेणाऱ्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, दाखल्यांसाठी लीगल कागदावर बसवलेला प्रिंटर, स्कॅनरचं जुनं सॉफ्टवेअर. यातली एकेक गोष्ट कोणीतरी येऊन, फोनवर कोणाला तरी विचारून बसवलेली असते. त्याची सीडी हरवलेली असते, आणि बसवणारा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. फॉरमॅट मारायला अर्धा तास पुरतो, पण हे सगळं पुन्हा उभं करायला आठवडा जातो. तेवढे दिवस दारात आलेली माणसं उन्हातान्हात परत जातात.

त्यातही मराठी फाँटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. युनिकोडच्या आधीपासून टाइप करणाऱ्यांकडे कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटमधल्या फायलींचा डोंगर असतो. या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फायलीत साठतात ते इंग्रजीचेच कोड. नव्या विंडोजवर तो फाँट नसला, की दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि करारनामे इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होऊन समोर येतात. मजकूर कुठेही गेलेला नसतो, पण ज्याने तो टाइप केला त्याच्या पोटात गोळा येतोच. क्लोनमध्ये फाँटही सोबत येतो, त्यामुळे ही वेळच येत नाही.

आणि वेगाचं म्हणाल, तर नवीन विंडोज टाकल्याने जे मिळतं त्यातलं बहुतेक क्लोन करूनही मिळतं. कारण मुळात सुस्त होती ती तबकडी. लॅपटॉपमधली साधी हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो बारीक-बारीक फायली वाचते. प्रत्येक वेळी डिस्कची सुई जागेवर न्यायची, मग हवा तो भाग फिरून तिच्याखाली येईपर्यंत थांबायचं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. म्हणून सातआठ वर्षांचा लॅपटॉपही एसएसडीवर अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागतो.

आता ‘ठणठणीत असेल तर’ या अटीबद्दल. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि दोन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर्स (खराब म्हणून बाजूला टाकलेले तुकडे) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे). दोन्हींपुढे शून्य असेल तर निर्धास्त क्लोन करा. पेंडिंग सेक्टर दिसत असतील, डिस्क टकटक आवाज करत असेल, तर क्लोनचा नाद सोडा. आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसरीकडे काढा, कारण मरायला टेकलेली डिस्क सलग तासन् तास वाचायला लावली की वाटेतच मान टाकू शकते. अशा वेळी विंडोज नवीनच बरी. व्हायरस किंवा क्रॅक केलेली विंडोज असेल तरीही नवीनच, नाहीतर तो रोग नव्या डिस्कवर जसाच्या तसा जाईल. लायसन्सची काळजी नको. विंडोज ८ किंवा त्यानंतरची विंडोज कंपनीतूनच आलेली असेल, तर लायसन्सची की मदरबोर्डमध्येच असते. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती इंटरनेट मिळताच आपोआप ॲक्टिव्हेट होते.

एसएसडी घेताना लॅपटॉपचं मॉडेल सोबत न्या. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसते. एम.२ ची पट्टी घ्यायची असेल तर जपून, कारण दिसायला सारख्या पट्ट्यांमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि काही जुन्या लॅपटॉपच्या खाचेत फक्त साटाच चालते. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबी, एनव्हीएमईचा त्याच्या कितीतरी पट. तरी जुन्या लॅपटॉपला साटा भरपूर झाली. उरलेल्या पैशांत रॅम वाढवा. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसते, ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, फसवणूक नाही.

आपल्याकडे १ टीबीच्या डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात. लग्नाचे व्हिडिओ डी मध्ये, हिशेब ई मध्ये. सगळं २५६ मध्ये मावणार नाही, आणि न्यायचीही गरज नाही. सी आणि त्याच्या आजूबाजूचे छोटे लपलेले भाग, ज्यांच्यावर लॅपटॉप बूट होतो, तेवढे हलवा. डी आणि ई जुन्या डिस्कवरच राहतील. बहुतेक मोठ्या एसएसडी कंपन्या आपलं क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट देतात आणि ते लहान डिस्कवर जमवून घेतं. क्लोनझिला फुकट आणि उत्तम आहे, पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर ते सरळ अडतं.

सुरू करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. अनेक लॅपटॉपवर तो मालकाला न सांगताच चालू झालेला असतो. तो बंद करून डिस्क पूर्ण उघडी होऊ द्या, आणि ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. हिशेबाचं टॅली असेल तर लायसन्स आधी सरेंडर करा, नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर वेगळा घ्याच.

नवी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून निळ्या पोर्टला जोडा. काळ्या, जुन्या पोर्टवर हेच काम कित्येक पट वेळ खातं. बॅटरीत जीव नसेल तर इन्व्हर्टरवर चालवा, कारण लाइट कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नाही. आणि मे महिन्यात हे काम भर दुपारी करू नका. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असतो, त्यात दोन्ही डिस्क तासभर सलग राबणार. पहाटे लावा, चहा-आंघोळ होईपर्यंत होऊन जातं.

क्लोन झालं की लॅपटॉप बंद करा, जुनी डिस्क बाहेर काढा आणि पहिल्यांदा फक्त नव्या डिस्कवर चालू करा. दोन्ही डिस्कची ओळख सारखी असते. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज जुनीवरूनच उठते आणि माणसाला वाटतं काहीच फरक पडला नाही. निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर घाबरू नका. साटावरून एनव्हीएमईवर गेलं की असं होतं. सेफ मोडमध्ये एकदा चालू केलं की विंडोज नव्या डिस्कचा ड्रायव्हर ओळखते, पुढच्या वेळी सरळ उठते.

विंडोज ११ चंही आता सगळे विचारतात, कारण विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तुमच्या लॅपटॉपला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर ११ वर जा, पण क्रम पाळा: आधी क्लोन, चार दिवस काम करून बघा, मग अपग्रेड. काही बिघडलंच तर जुनी डिस्क जशीच्या तशी हातात असते.

म्हणून ती जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर कपाटात ठेवा, नंतर केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा. भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये मात्र तशीच देऊ नका. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावभरच्या लोकांची आधार कार्डं, सातबारे आणि बँक पासबुकांच्या प्रती असतात. साध्या डिलीटने त्या जात नाहीत, क्विक फॉरमॅटनेही नाहीत. फॉरमॅट करताना ‘क्विक’ची खूण काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा, मगच डिस्क हाताबाहेर जाऊ द्या.