तुम्ही विचारलंत म्हणून : मोहरीवाचूनचा कोबी-बटाटा

आमच्याकडे जेवायला येणाऱ्या मंडळींपैकी निम्म्यांचा तरी पहिल्या घासानंतर एकच प्रश्न असतो. कोबी, बटाटा, गाजर, कांदा, आले-लसूण, हळद, हिरवी मिरची. मग काका, ही आपलीच भाजी की, हिला इथिओपियाची कशाला म्हणायचे? पानावर बसलेल्या माणसाला लांबलचक उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून आजवर मी 'हिला फोडणी नाही' एवढे सांगून वाढायला लागत असे. ते उत्तर खरे असले तरी अर्धवट आहे, आणि परवा एकीने घरी जाऊन त्याच भरवशावर भाजी केली व 'कोबी नुसता उकडल्यासारखा झाला' असे कळवले, तेव्हा उरलेले अर्धे सांगून टाकावे असे ठरवले.

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाच्या एका विद्यापीठात मी चार वर्षे स्थापत्य अभियांत्रिकी शिकवत होतो. तिथे शिकवायला जाणारा मी काही पहिला भारतीय नव्हे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून तिथल्या शाळांतून आपल्याकडचे शिक्षक होते. मुलाचे बारावीचे वर्ष जवळ आल्यामुळे सौभाग्यवती पुण्यातच राहिल्या आणि मी एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो. घरमालकीण सत्तरीच्या पुढच्या होत्या. वयस्क बाईला तिकडे आदराने 'एमामा' म्हणतात, म्हणून मीही त्यांना तेच म्हणत असे. त्यांचे स्वयंपाकघर घरापासून वेगळे, अंगणाच्या कडेला होते, आणि माझे दार नेमके त्याच्यासमोर उघडत असल्यामुळे तिथे काय शिजते आहे ते मला माझ्या टेबलावर बसून कळत असे. बुधवारी आणि शुक्रवारी बहुधा हीच भाजी असे.

बुधवार आणि शुक्रवार हे इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपासाचे वार. त्याखेरीज ईस्टरपूर्वीचा 55 दिवसांचा मोठा उपास, नाताळापूर्वीचा 43 दिवसांचा, आणि असे आणखी काही. सर्वसामान्य माणसाला वर्षातले सुमारे 180 दिवस आणि धर्मगुरूंना सुमारे 250 दिवस हे नियम पाळावे लागतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी, तूप काहीही चालत नाही. कांदा, लसूण, डाळी, भाज्या मात्र चालतात. म्हणजे आपल्या चतुर्थी-एकादशीच्या जवळजवळ उलट. एमामांना मी एकदा आपल्या उपासाची यादी सांगितली, की दूध चालते, तूप चालते, पण कांदा-लसूण चालत नाही, हळदसुद्धा चालत नाही, तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून विचारले, 'मग बटाटा?' बटाटा दोन्हीकडे चालतो. दोन्ही उपासांना तो पुरून उरतो, आणि गंमत अशी की तो या भूमीचाही नव्हे आणि त्या भूमीचाही नव्हे. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला आणि नावही त्यांचेच घेऊन आला. 'कोबी' हा शब्दही त्यांच्याच 'कोव्ह'वरून आलेला. तेव्हा 'आपलीच भाजी' म्हणताना थोडे जपूनच म्हणावे.

तिकडे कोबीला 'तिकिल गोमेन' म्हणतात. गोमेन म्हणजे पालेभाजी आणि तिकिल म्हणजे गुंडाळलेली. हळद घालून, पण तिखटाच्या पुडीशिवाय केलेल्या सौम्य, पिवळ्या कालवणाला 'अलिचा' म्हणतात. ही भाजी त्याच घराण्यातली.

आता फोडणीबद्दल. पहिल्या महिन्यात एका शुक्रवारी मी आपल्या पद्धतीने कोबी-बटाटा केला आणि वाटीभर एमामांना नेऊन दिला. त्या आधीच दारात उभ्या होत्या, कारण मोहरी तडतडल्याचा आवाज आणि वास त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. मोहरी त्यांना अनोळखी नव्हती. उपासाच्या दिवसांत तिकडे मोहरी वाटून 'सेनाफिच' नावाची पातळ चटणी करतात आणि तिचा नाकात जाणारा झणका आवडीने खातात. पण तीच मोहरी कढत तेलात टाकून जाळायची कशासाठी, हे त्यांना काही केल्या समजेना. भाजी त्यांनी खाल्ली, बोट वर करून चांगली आहे असेही सांगितले, आणि मग एक वाक्य बोलल्या, जे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीकडून समजून घ्यावे लागले. 'तुझा कांदा अजून कच्चा आहे आणि तुला घाई आहे.'

साऱ्या उत्तराचा गाभा तोच. आपण तेल तापवतो, फोडणी करतो, कांदा गुलाबी झाला न झाला की भाजी लोटतो. सगळा स्वाद पहिल्या अर्ध्या मिनिटात तेलात उतरवायचा आणि मग भाजी नुसती शिजवायची, ही आपली रीत. तिकडे स्वाद कांद्यातून काढतात, आणि त्याला वेळ लागतो. दोन मोठे कांदे पातळ उभे चिरून, पाऊण वाटी तेलात (होय, पाऊण वाटी, आणि हात आखडता घेतलात तर भाजी बिघडेल), अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे तरी परतायचे. लाल होऊ द्यायचे नाहीत. लाल झालेला कांदा इथे चूक समजतात, कारण त्याने भाजीचा पिवळा रंग मळतो आणि चव मटणाच्या रश्श्याकडे झुकते. एमामा पातेल्याकडे बघतही नसत, ऐकत असत. आधी कांद्यातले पाणी चरचरते. मग तो आवाज खाली येतो, बारीक गुणगुणल्यासारखा होतो, कांद्याच्या कडा काचेसारख्या दिसू लागतात, आणि उग्र वास जाऊन गोडसर वास येतो. त्या क्षणी आले-लसणाचा गोळा आणि पाऊण चमचा हळद घालायची. मी आधीच हात पुढे केला की त्या 'कस ब कस' म्हणत. हळूहळू. हळूहळू अंडेसुद्धा पायांनी चालू लागते, अशी त्यांच्याकडे म्हण आहे, आणि माझ्या बाबतीत ती त्यांनी चार वर्षे वापरली.

पुढचा क्रम असा. आधी दोन गाजरे आणि तीन मध्यम बटाटे, दोन्ही बोटाएवढे लांब आणि जाड कापून, मसाल्यात घोळवायचे, मीठ घालायचे आणि झाकण ठेवून दहा मिनिटे वाफवायचे. मग अर्धा-पाऊण किलोचा कोबी. तो किसल्यासारखा बारीक चिरायचा नाही. चांगले दोन बोटे रुंदीचे तुकडे करायचे, म्हणजे शिजल्यावर त्याची पाने ओळखू येतात. पातेले काठोकाठ भरेल आणि हे मावणार कसे अशी शंका येईल. वरून पुन्हा थोडे मीठ घालून झाकण दाबून बसवायचे. पाणी एक थेंबही घालायचे नाही. मिठाने कोबीचे पाणी सुटते, ते खाली उतरते, त्याची वाफ होऊन पुन्हा वर चढते, आणि वीसेक मिनिटांत तो डोंगर बसतो. ज्या बाईंचा कोबी उकडल्यासारखा झाला, त्यांनी कांदा पाच मिनिटांत आटोपला होता आणि भाजी खाली लागेल या धास्तीने वाटीभर पाणी ओतले होते. शेवटी हिरव्या मिरच्या मध्ये चीर देऊन, बिया काढून, भाजीवर नुसत्या ठेवायच्या आणि पाच मिनिटे वाफ द्यायची. आपल्याला कोबी किंचित करकरीत लागतो. इथे तो लोण्यासारखा मऊच हवा.

पुण्यात परतल्यावर मी पहिल्यांदा ही भाजी केली, तेव्हा एवढे सगळे पाठ असूनही बटाट्याचा लगदा झाला. मी घड्याळ अदिसचे लावले होते. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,350 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळते आणि बटाटा रेंगाळत शिजतो; पुण्यात ते 98 अंशांपर्यंत तापते. अभियंत्याला हे पातेले बिघडल्यावर सुचावे याची घरात अजून थट्टा होते. तेव्हा मी वर दिलेली मिनिटे पुण्याची आहेत. मुंबईत आणखी दोन-तीन कमी धरावीत.

तेलाबद्दल एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. एमामांच्या घरी उपासाच्या स्वयंपाकाला 'नुग'चे तेल असे, आणि ते नुग म्हणजे आपले कारळे. कारळ्याच्या शास्त्रीय नावातच 'ॲबिसिनिका' आहे (ॲबिसिनिया हे इथिओपियाचे जुने नाव), कारण ते पीक मूळचे त्याच प्रदेशातले. आपण चटणी करून जे भाकरीबरोबर खातो, त्याचे तेल तिथे शतकानुशतके उपासाला तारत आले आहे. खुरासणीचे तेल म्हणून ते आपल्याकडेही कुठेकुठे मिळते. मिळाले तर जरूर वापरावे, नाहीतर करडईचे घ्यावे. शेंगदाण्याचे तेल स्वतःचाच वास पुढे करते. मसाल्यात एमामा शेवटी चिमूटभर 'कोरेरिमा' घालत. तो वेलदोड्याच्या कुळातला, तिकडचाच मसाला आहे. इथे मी साध्या वेलदोड्याचे चार दाणे कुटून घालतो. मसाल्याचा मोठा वेलदोडा घालू नये, त्याला धुराचा वास असतो. धने-जिरे, गोडा मसाला, ओले खोबरे, कोथिंबीर यांपैकी काहीही नको. साखर तर नाहीच. गोडवा कांदा आणि गाजर पुरवतात.

यावर दुसरी तक्रार येते ती सपकपणाची, आणि ती अगदी चुकीची नाही. ही भाजी एकटी खाण्यासाठी केलेलीच नसते. उपासाच्या दिवशी एका मोठ्या इंजेऱ्यावर, म्हणजे तिकडच्या आंबोळीवर, पाच-सहा पदार्थांचे ढीग मांडतात, त्याला 'बेयायनेतु' म्हणतात. त्यात बेरबेरे या लालभडक मसाल्यातली मसुराची आमटी असते, शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचे पिठल्यासारखे कालवण असते, आणि या सगळ्यांत जीभ शांत करण्याचे काम आपल्या पिवळ्या कोबीकडे असते. तिला एकटीला पोळीबरोबर वाढून नावे ठेवणे म्हणजे ताटातली कोशिंबीर एकटी खाऊन 'झणझणीत नाही' म्हणण्यासारखे आहे. शेजारी लसणाची लाल चटणी घालून केलेली मसुराची घट्ट आमटी जरी ठेवलीत, तरी फरक कळेल.

इंजेरा टेफ या बारीक धान्याच्या पिठाचा, दोन-तीन दिवस आंबवून करतात. टेफ आपल्याकडे सहजी मिळत नाही, पण त्याची मला फारशी खंत वाटत नाही, कारण तिकडे 'दागुसा'चाही इंजेरा करतात आणि दागुसा म्हणजे नाचणी. मी नाचणीची आंबोळी करतो, तांदूळ थोडे कमी, आंबवण नेहमीपेक्षा एक दिवस जास्त, आणि उलटायची नाही. आंबोळीला वरून जी जाळी पडते, तिला तिकडे इंजेऱ्याचे 'डोळे' म्हणतात, आणि डोळे न उघडलेला इंजेरा पाहुण्यासमोर ठेवत नाहीत. भाजीचा रस शोषून घेण्याचे काम त्या भोकांचे असते.

वाढताना एक आंबोळी ताटात अंथरायची, तिच्यावर भाजी आणि आमटी, आणि दुसरीचे तुकडे तोडून त्यांनी खायचे. आमचे पाहुणे भाजी संपली की खालची भिजलेली आंबोळी तशीच टाकून हात धुवायला उठू लागतात. एमामा असत्या तर त्यांनी खांदा धरून खाली बसवले असते. तेल, हळद आणि कांद्याचा सगळा रस प्यायलेला तो तळचा तुकडा त्या कधी स्वतः खात नसत. गुंडाळून थेट माझ्या तोंडात घालत, आणि त्या घासाला 'गुर्शा' म्हणतात.